मोहन बागान ‘राष्ट्रीय’ कसा? एका क्रीडा लेखकाला शिक्षकाचं उत्तर



मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला मोबाईलवर एक लेख पाठवला. लेखक क्रीडा पत्रकार आहेत, अभ्यासू आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोहन बागान हा कोलकात्याचा क्लब, त्याला ‘भारताचा क्लब’ म्हणणं म्हणजे १९११ च्या एका सामन्यावर शंभर वर्षं जगणं. बाकीच्या देशाला त्याचं काय? लेखाखाली त्या पालकांनी एकच ओळ लिहिली होती, “सर, मग तुम्ही मुलांना हे का सांगता?”

प्रश्न मला उद्देशून होता, पण वंगभंग शिकवताना ही गोष्ट सांगणारे तुमच्यापैकीही बरेच असतील. म्हणून उत्तर इथेच लिहितो.

आधी सामना काय होता ते पाहू. २९ जुलै १९११, कोलकाता, आयएफए शील्डचा अंतिम सामना. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. पहिला गोल गोऱ्या शिपायांनी केला. मग कर्णधार शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि अगदी शेवटी अभिलाष घोषांनी दुसरा गोल मारला. २-१. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसेना, तेव्हा पतंग उडवून गोल कळवले गेले. (पतंगाचा भाग आला की वर्गातला शेवटचा बाकसुद्धा सरसावून बसतो, हे अनुभवाने सांगतो!)

आता हे कोणत्या काळात घडलं? १९०५ ला बंगालची फाळणी झालेली. आपले लोकमान्य तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली आणि त्याच वेळी राजधानीही कोलकात्याहून दिल्लीला न्यायचं जाहीर झालं. इथे मात्र लेखकाचं एक म्हणणं मला मान्य आहे. फुटबॉलच्या सामन्यामुळे फाळणी रद्द झाली असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. सामन्यानंतर एका म्हाताऱ्याने किल्ल्यावरच्या इंग्रजी झेंड्याकडे बोट दाखवून “तो कधी उतरणार?” असं विचारलं, आणि “पुन्हा शील्ड जिंकाल तेव्हा” असं उत्तर मिळालं, ही दंतकथाच. मोहन बागानने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ साली, म्हणून ती टिकली. मी ती सांगतो, पण दंतकथा म्हणूनच सांगतो.

पण लेखक महाशय “कोलकात्याचा क्लब” म्हणून विषय संपवतात, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते डॉ. तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतला हा मुलगा कोलकात्यात डॉक्टरकी शिकायला आला आणि मोहन बागानकडून खेळला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. त्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी मोहन बागानचे, आणि अंतिम सामन्यात गोल मारणारे जर्नैलसिंगही मोहन बागानचे. ते तर पंजाबचे! शिलाँग, इंफाळ, जालंधरच्या पोराने फुटबॉलपटू व्हायचं ठरवलं की वर्षानुवर्षं त्याला कोलकात्याचीच वाट दिसायची. एका शहरात मैदान असलं म्हणून क्लब त्या शहरापुरता उरतो का? आपल्या पंढरपूरचंच पाहा ना.

आणि मुंबई? कूपरेजवर होणाऱ्या रोव्हर्स चषकात मोहन बागान वर्षानुवर्षं येत असे, जिंकतही असे. जुन्या मुंबईकरांना हा संघ ‘तिकडचा’ कधीच वाटला नाही.

लेखात आणखी एक टोमणा आहे, की आता हा क्लब पैसेवाल्यांचा झालाय, लोकांचा कुठे राहिला? २०२० मध्ये दुसऱ्या संघाशी विलीनीकरण झालं आणि नावापुढे ‘एटीके’ लागलं, हे खरंच. पण समर्थक गप्प बसले नाहीत. ‘एटीके काढा’ म्हणून ते तीन वर्षं ओरडत राहिले. मार्च २०२३ मध्ये संघाने गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांना नाव बदलण्याची घोषणा करावी लागली. ज्याला लोकप्रियता मोजायची आहे त्याने प्रेक्षकसंख्येबरोबर हेही मोजावं.

या प्रेमाची काळी बाजू लपवायची नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात हाणामारी, चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. मुलांना हेही सांगायला हवं. वर्गात दोन गट पाडून घोषणा द्यायला लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर आधी ऐकायला हवं. आणि त्यासोबत ऑगस्ट २०२४ चंही सांगावं. डॉक्टर तरुणीवरील अत्याचार आणि हत्येने कोलकाता पेटलं होतं, याच दोन संघांचा सामना रद्द झाला, तेव्हा हिरवा-मरून आणि लाल-पिवळा दोन्ही रंगांचे लोक न्याय मागत एकत्र रस्त्यावर उतरले.

माझ्या वर्गातली मुलं ब्राझील आणि अर्जेंटिनाचे टी-शर्ट घालतात. त्याला माझी हरकत नाही, मीही मेस्सीसाठी रात्र जागलोय. पण “आपला एखादा फुटबॉल क्लब आहे का हो सर?” असं एखाद्याने विचारलं, तर “नाही रे, ते बंगाल्यांचं” असं सांगायला माझी जीभ धजावत नाही.

त्या पालकांना मी एवढंच कळवलं: लेख मुलालाही वाचू द्या, आणि भारताचा कोरा नकाशा देऊन पाठवा. चांगकी, होशियारपूर, कोलकाता, मुंबई आणि फातोर्डा ही ठिकाणं त्याला दाखवायची आहेत. लेखकाला उत्तर काय द्यायचं ते तोच ठरवेल.