लकव्यानंतरचे पाऊल

लकव्याच्या रुग्णाचा जीव वाचला, रक्तदाब आटोक्यात आला आणि औषधांची चिठ्ठी हाती पडली, की उपचार संपले अशी समजूत नातेवाइकांची असते. कित्येकदा आपल्या व्यवसायबंधूंचीही असते. रुग्णाची खरी परीक्षा मात्र घरचा उंबरठा ओलांडताना सुरू होते. पाऊल लोंबते, बोटे जमिनीला घासतात आणि ते टाळण्यासाठी रुग्ण पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून टाकतो. अशा चालीत दम लवकर लागतो आणि पडण्याचे भय कायम राहते.

घोट्याला काटकोनात धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजेच ए.एफ.ओ., येथे उपयोगी पडतो. पाय पुढे नेताना बोटे वर राहतात, टाच प्रथम टेकते आणि दुबळ्या पायावर भार टाकण्याचा धीर येतो. टायसन व केंट यांनी २०१३ साली १३ चाचण्यांतील ३३४ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र तपासले. स्प्लिंटमुळे चालणे व दोन्ही पायांवरील भाराची विभागणी सुधारल्याचे त्यांना आढळले. मात्र हे तात्कालिक परिणाम होते. दीर्घकालीन लाभ त्यातून सिद्ध होत नाही, हेही त्यांनी नमूद केले.

‘स्प्लिंटची सवय लागली की स्नायू आळशी होतात,’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. नेदरलँड्समधील निकॅम्प व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूवर असा अनिष्ट परिणाम दिसला नाही. त्याच संशोधकांच्या पडण्याविषयीच्या अभ्यासातील निरीक्षण अधिक विचार करायला लावणारे आहे: लवकर स्प्लिंट मिळालेले रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत अधिक वेळा पडले, आणि त्यांपैकी बरेचसे स्प्लिंट पायात नसताना पडले.

आपल्या आदिलाबादेत हा मुद्दा कळीचा ठरतो. येथे घरात अनवाणी वावरायचे, जमिनीवर मांडी घालून जेवायचे, शौचास उकिडवे बसायचे आणि पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या चिखलातून जायचे. टाचेला पट्टा नसलेल्या चपलेत स्प्लिंट टिकत नाही. ताठ घोट्याच्या स्प्लिंटने उकिडवे बसवत नाही. मग तो खुंटीवर जातो आणि दोष रुग्णाच्या ‘कंटाळ्या’ला दिला जातो. माझ्या मते दोष मोजमापाचा व सल्ल्याचा आहे. घोट्यात ताठरपणा फारसा नसेल, तर बिजागरीचा स्प्लिंट वाकायला मुभा देतो. ताठरपणा जास्त असेल, तर घट्टच हवा. मधुमेही रुग्णाला पायाची जाणीव कमी असते, म्हणून त्याची त्वचा रोज पाहावी लागते.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. केंद्र शासनाची १९८१ पासूनची एडिप योजना साधने पुरवते, पण त्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते हाती येईपर्यंत सुधारणेचे मोलाचे पहिले महिने निघून जाऊ नयेत.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी: लकव्याच्या प्रत्येक रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी चालवून पाहावे, स्प्लिंट लागत असल्यास पादत्राणासह त्याची नोंद चिठ्ठीवर करावी, मराठी, तेलुगू वा गोंडी, जी त्याची भाषा असेल तीत घरच्यांना तो घालून दाखवावा, आणि महिन्याभराने पुन्हा तपासावे. एवढे झाले, तर खुंटीवरचा स्प्लिंट पायात येईल.