घरचा मामला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वाडीत कुणाला कागद लिहायचा झाला की बोलावणे मला येते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींबरोबर पोलीस ठाण्यात गेले. दंडावरचे वळ अजून काळेनिळे होते. हवालदारांनी विचारले, "नांदायचंय ना?" वहिनी गप्प. मग नवऱ्याला बोलावून दम दिला, अदखलपात्र नोंद झाली, आणि आम्ही तिघे एकाच एस.टी.ने परतलो!

मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. मारले का, हे आधी विचारायला हवे. १९८३ साली आलेले ४९८-अ कलम आज भारतीय न्याय संहितेत ८५ व ८६ म्हणून आहे. छळाला तीन वर्षांपर्यंत कैद. पण वहिनींना नवरा तुरुंगात नको होता. मार थांबायला हवा होता आणि डोक्यावर छप्पर राहायला हवे होते. २००५ च्या कायद्यात हे दोन्ही आहे. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला असे बाहेर काढता येत नाही. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा. हे सांगणे पोलिसांचे कर्तव्य, असेही त्यात लिहिले आहे. मलासुद्धा ते नंतर आपल्या ग्रंथालयात कळले.

आमच्या शिवेपलीकडे सांगली जिल्हा. तिथल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी हा कायदा नव्हता तेव्हा परित्यक्ता बायकांना एकत्र आणले. त्यांना कुणाचा आधार होता?

वहिनींचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्या म्हणतात, पोरांची परीक्षा होऊ दे.