भिंत कुणी रंगवली?

तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावरची एक तरी भिंत गेल्या काही वर्षांत रंगली असेलच. उड्डाणपुलाचा खांब असेल, स्टेशनबाहेरची कंपाउंड वॉल असेल, नाहीतर पालिकेच्या शाळेची भिंत. त्यावर काय आहे, हे न बघताही सांगता येईल. मोर, सूर्य, 'झाडे लावा', 'पाणी वाचवा' आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली वारली माणसं. आपण तिथे फोटो काढतो, स्टोरी टाकतो, विषय संपतो. आता एक साधा प्रश्न. ती भिंत रंगवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? त्याचं किंवा तिचं नाव माहितीय?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असेल. एका सकाळी भिंत पांढरी असते, आठवड्याभरात ती रंगलेली असते. मधल्या दिवसांत तिथे कोण होतं, याकडे आपलं लक्षच नसतं. आणि या 'रंगीत शहर' प्रकाराबद्दल बोलायचं तर खरी गोष्ट त्या मधल्या दिवसांतच आहे, असं मला वाटतं.

एवढ्या भिंती अचानक का रंगल्या?

२०१६ मध्ये केंद्र सरकारनं स्वच्छ सर्वेक्षण सुरू केलं. पहिल्या वर्षी ७३ शहरांची क्रमवारी लागली. पुढे शहरांची संख्या वाढत गेली आणि स्पर्धाही. शहर सुधारतंय हे दाखवायचा सगळ्यात लवकर दिसणारा मार्ग म्हणजे भिंत. गटार साफ केलं तर ते फोटोत येत नाही, भिंत येते. शिवाय रंगवलेल्या भिंतीवर थुंकायला आणि पोस्टर चिकटवायला लोक जरा कचरतात. २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका झाल्या, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी भिंतींना नवा रंग मिळाला.

यावर आपल्या वसई-विरारकरांचा आक्षेप ठरलेला आहे, 'आधी पाणी द्या, मग चित्रं काढा.' आक्षेप अगदी रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या वर गेलेलं आपलं शहर अजूनही अनेक भागांत टँकरची वाट बघतं आणि पावसाळ्यात नालासोपाऱ्याचे रस्ते पाण्याखाली जातात. टँकर येणाऱ्या गल्लीत 'पाणी वाचवा' लिहिलेलं दिसलं तर डोकं फिरणारच. पण हा राग भिंत रंगवणाऱ्यावर काढून उपयोग नाही. काय रंगवायचं, हे त्यानं ठरवलेलं नसतं. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं आपल्याकडे प्रशासकच कारभार बघत होते. म्हणजे वॉर्डातल्या भिंतीवर काय हवं हे विचारायला वॉर्डातून निवडून आलेला माणूसही नव्हता.

दुसरी बाजूही बघा. फ्लेक्सचं प्रिंटिंग स्वस्त झालं आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बॅनर, ट्रकमागची अक्षरं हातानं रंगवणाऱ्या पेंटरांचं काम बसलं. सुशोभीकरणामुळे हाताला ब्रशची सवय असलेल्या अनेकांना पुन्हा काम मिळालं. अडचण कामाच्या पद्धतीत आहे. भिंतीचं काम चौरस फुटाच्या दरानं दिलं जातं, तेव्हा फायदा जास्त जागा लवकर भरण्यात असतो. मग एकच स्टेन्सिल दहा खांबांवर फिरतं. विचार करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचा दर कुणी लावत नाही.

आता जरा वेगळ्या पद्धतीनं रंगलेली भिंत बघायची असेल तर विरार लोकल पकडा आणि वांद्र्याला उतरा.

खालून दिसतं ते वरून दिसत नाही

वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलची इमारत आहे. तिच्या भिंतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके अवतरले. चित्राचा आकार १२० बाय १५० फुटांच्या आसपास. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आणणाऱ्या, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाला एवढा मोठा पडदा शंभर वर्षांनी मिळाला. स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उपक्रमात हे काम झालं आणि ते केलं रंजीत दहिया या कलाकारानं. दहिया मूळचे हरियाणाचे. तरुणपणी घरांना चुना मारायचं काम करायचे. पुढे चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या एनआयडीत शिकले. त्यांच्या 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट'मुळे वांद्र्याच्या गल्ल्यांत सिनेमातले चेहरे दिसू लागले.

एवढं मोठं चित्र काढतात कसं? पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी भिंत खरवडायची, भेगा बुजवायच्या, प्रायमर मारायचा. मग कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या आणि तेवढ्याच चौकटी भिंतीवर दोरीनं आखायच्या. कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवर काही फूट. काही जण रात्री प्रोजेक्टर लावून बाह्यरेषा काढून घेतात. मग परांचीवर, झुल्यावर किंवा क्रेनवर चढून एकेक चौकट भरायची. शाळेत नकाशा मोठा करायला आपण हेच करायचो, फक्त इथे पाय जमिनीवर नसतात.

यात गंमत अशी की झुल्यावरच्या कलाकाराला स्वतःचं चित्र दिसत नाही. त्याच्या नाकासमोर असतो फक्त रंगाचा पट्टा. तो भुवई काढतोय की टोपीची कड, हे त्याला चौकटीच्या हिशेबावरून कळतं. पूर्ण चेहरा दिसतो तो रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या चहावाल्याला, रिक्षाच्या रांगेतल्या ड्रायव्हरला, बस चुकलेल्या तुम्हाला. म्हणून कलाकार सारखा खाली उतरतो, रस्ता ओलांडतो, मागे वळून बघतो. नाहीतर खालून कुणीतरी ओरडतं, 'डावा डोळा वर गेलाय!'

म्हणजे भर रस्त्यात चित्र काढलं जात असताना बघणारा नुसता टाइमपास करत नसतो. त्या चित्राचं पूर्ण रूप कलाकाराच्या आधी त्याला दिसत असतं. आठ-दहा दिवस ते वाढताना बघितलं की ती भिंत हळूहळू त्याचीही होते. 'हे आमच्यासमोर काढलंय' असं तो पुढे कित्येक वर्षं सांगतो. रातोरात छापल्यासारख्या उगवलेल्या मोराबद्दल असं कुणी सांगत नाही.

महापालिकेनं मनात आणलं तर हे सरकारी भिंतीवरही होऊ शकतं. १५ ऑगस्ट २००९ ला माहीम ते दादर पट्ट्यातली, रेल्वेलगतची सेनापती बापट मार्गावरची, म्हणजे तुळशी पाइप रोडची भिंत मुंबई महापालिकेच्या परवानगीनं 'द वॉल प्रोजेक्ट'नं लोकांसाठी खुली केली. शेकडो हौशी आणि व्यावसायिक लोक ब्रश घेऊन आले. चित्रं सगळीच भारी होती असं नाही. पण कुणी काढली, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

नाव लागतं ते कशासाठी?

तुम्ही म्हणाल, चित्र आवडलं ना, मग नावाचं काय एवढं? नावावर कायदा उभा आहे, म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला दोन हक्क देतं. हे काम माझं आहे असं सांगण्याचा आणि त्याची मोडतोड करून माझ्या नावाला बट्टा लावू नका असं म्हणण्याचा. काम विकलं, पैसे मिळाले, तरी हे हक्क त्याच्याकडेच राहतात.

याचं मोठं उदाहरण दिल्लीत घडलं. विज्ञान भवनाच्या भिंतीवर शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी ब्राँझचं म्युरल केलं होतं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं गेलं. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला सांगितलं आणि ५ लाख रुपयांची भरपाईही. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, मुंबईतलं 'ह्युमॅनिटी' हे म्युरल एका विमा कंपनीच्या जाहिरातीत दिसलं, तेव्हा ते काढणारी मेक्सिकोची पाओला डेल्फिन आणि स्टार्ट इंडिया फाउंडेशन याच न्यायालयात गेले.

सहगल आणि डेल्फिन दाद मागू शकले, कारण काम कुणाचं हे जगाला माहीत होतं. आपल्या उड्डाणपुलाखालच्या खांबावर उद्या कुणी चुना फासला किंवा त्याचा फोटो छापून टी-शर्ट विकले, तर तक्रार कुणी करायची? ज्यानं तो रंगवला त्याचं नाव खांबावर नाही आणि बहुतेकदा दुसरीकडेही कुठे सापडायचं नाही.

आपल्याच जिल्ह्याची भिंत

आता खांबावरच्या त्या वारली माणसांकडे या. भिंत रंगवण्याची ही परंपरा आपल्याच पालघर जिल्ह्याची आहे. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी कुडाच्या, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं 'चौक' लिहितात. मध्ये पालघट देवी. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेली कुंचली हातात. धवलेरी गाणी म्हणत असते, घरात पाहुण्यांची ये-जा असते. कुणी सही करत नाही. तशी गरजच नसते, कारण चौक कुणी लिहिला हे सगळ्या पाड्यानं डोळ्यांनी बघितलेलं असतं.

चित्र भिंतीवरून कागदावर आलं, पाड्याबाहेर गेलं, तेव्हा नावाची गरज पडली. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून वारली कलाकारांच्या हाती कागद आला. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे रोजच्या जगण्याची चित्रं काढू लागले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले, तोवर त्यांची चित्रं युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागली होती. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला.

हिशेब सरळ आहे. सगळ्यांसमोर काढलेल्या चित्राला सही नसली तरी चालतं, माणसं लक्षात ठेवतात. कुणीच न बघितलेल्या चित्राला सही हवीच. आपल्या शहरातल्या भिंतींना दोन्ही नाही. वारली फेर तर सगळीकडे आहे, पण तो काढणारा गंजाडचा आहे, जव्हारचा आहे की कंत्राटदारानं मोबाइलवर डाउनलोड केलेली डिझाइन आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल धावायला लागली २०१३ मध्ये. त्याच गाडीनं येऊन एखादी वारली कलाकार आपल्याकडची भिंत रंगवू शकते, आपल्यासमोर, दिवसाढवळ्या, आपल्या नावानिशी.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम दहा रुपयांचं आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली महापालिकेला अर्ज करा. महाराष्ट्रात फी १० रुपये, एका अर्जात एकच विषय, शब्द १५० च्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या रस्त्यावरची एक भिंत निवडा आणि तेवढ्यापुरतंच विचारा. काम कुणाला दिलं, दर काय, डिझाइन कुणी मंजूर केलं, प्रत्यक्ष रंगवणाऱ्यांची नावं काय. मास मीडियाच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या, मार्कही मिळतील.

दुसरं, कॉलेजच्या कंपाउंडची भिंत रंगवायचं ठरलं तर रविवारी गेट बंद करून उरकू नका. तारखांचा बोर्ड लावा, लोकांना थांबू द्या, प्रश्न विचारू द्या आणि खालच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यांची नावं लिहा. परवानगी मात्र लेखी घ्या, विनापरवानगी भिंत रंगवली तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी कायदा आडवा येतो. वसई किल्ल्याच्या दगडांना तर हातच लावायचा नाही, ते संरक्षित स्मारक आहे. तिथे नाव कोरणाऱ्याला कुणी कलाकार म्हणत नाही.

आणि कुठे परांची बांधलेली दिसली, वर कुणी ब्रश घेऊन बसलेलं दिसलं, तर पाच मिनिटं थांबा. तयार भिंतीचा फोटो सगळेच टाकतात, तुम्ही अर्धी भिंत टाका. खाली उतरले की नाव, गाव विचारा, त्यांची हरकत नसेल तर पोस्टमध्ये लिहा. आणि डावा डोळा वर गेलेला वाटला, तर तेही सांगा.