उमेदवारीचे मैदान

पेढीवर बसू लागलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी गल्ला दिला जात नाही. आधी मालाची मोजदाद, मग उधारीची वही, पुढे गिऱ्हाईक आणि सर्वांत शेवटी खरेदी, असा उमेदवारीचा क्रम व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खेळालाही अशी उमेदवारी असते. दूरचित्रवाणीवर मात्र घडून तयार झालेले खेळाडूच प्रामुख्याने दिसतात. घडत असलेले खेळाडू पाहायचे, तर पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कुटुंबांना फार दूर जावे लागत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. एप्रिल २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये येथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला कसोटी सामना, आणि २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने. अशा सामन्यांच्या वेळी तिकीट मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते. परंतु त्याच मैदानावर जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर या नावांचे सहा संघ त्यात उतरले. २०२५ मध्ये महिलांच्या स्पर्धेचीही भर पडली.

अमेरिकेतील आप्तांकडे जाऊन आलेल्या काही वाचकांनी तेथील बेसबॉलच्या दुय्यम लीगची मैदाने पाहिली असतील. तेथे ३० मोठे क्लब आहेत आणि २०२१ पासून त्यांच्या हाताखाली चार पायऱ्यांवर मिळून १२० संघ खेळतात. खेळाडू पायरीपायरीने वर चढतो, आणि गावोगावची कुटुंबे मुलाबाळांसह त्याची ही चढण पाहायला येतात. आपल्याकडील व्यवस्था इतकी बांधीव नाही. पण गहुंजेचे जूनमधील सामने त्याच जातीचे आहेत.

येथील पायरी खरोखर वर नेते का, याचे उत्तर पहिल्याच वर्षी मिळाले. ईगल नाशिक टायटन्सकडून खेळणाऱ्या सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या. त्यात १३ षटकार होते. नंतर त्याने चार बळीही घेतले आणि नाशिकने अवघ्या एका धावेने सामना जिंकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयपीएलच्या लिलावात लखनौ संघाने त्याला घेतले.

या परिसराशी जोडलेली दोन नावे तर वाचकांच्या परिचयाची आहेत. पुणेरी बाप्पाचा ऋतुराज गायकवाड जुन्या सांगवीचा. पहिल्या वर्षी सोलापूर रॉयल्समध्ये असलेला फिरकी गोलंदाज विकी ओस्तवाल २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. दोघेही थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडले. विकीच्या सरावासाठी त्याच्या कुटुंबाने लोणावळ्याहून चिंचवडला बिऱ्हाड हलवले. घरातील एका मुलाच्या खेळासाठी सर्वांनी गाव बदलणे, ही गुंतवणूक कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

ताळेबंदात जे दिसते, तेही पाहावे. पुणेरी बाप्पा हा संघ प्रवीण मसालेवाले या उद्योगाने तीन वर्षांसाठी १४.८ कोटी रुपयांना घेतला. म्हणजे वर्षाला सुमारे ४ कोटी ९३ लाख. पहिल्या लिलावात खेळाडू घेण्यासाठी प्रत्येक संघाला मर्यादा होती २० लाखांची. सर्वाधिक बोली लागली ती नौशाद शेखवर, ६ लाखांची. २० लाख सोळा खेळाडूंत समान वाटले, तरी प्रत्येकी सव्वा लाखच पडतात. या रकमेवर संसार उभा राहत नाही. तेव्हा या लीगकडे उत्पन्न म्हणून पाहणारा पालक फसेल; उमेदवारी म्हणून पाहणारा फसणार नाही.

दहावीच्या सुमारास अनेक घरांत हाच प्रश्न उभा राहतो: मुलाने बॅट ठेवून वाणिज्य शाखेची वाट धरावी, की आणखी चार वर्षे द्यावीत? निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी कपाटातील चषक मोजून घेऊ नये, आणि मुलानेही पडद्यावरील झगमगाट पाहून घेऊ नये. दोघांनी मिळून गहुंजेला एक सामना पाहावा. तेथे शून्यावर बाद होऊन परतणारा तरुण दिसतो, संपूर्ण सामना राखीव बाकावर काढणारा दिसतो, आणि तरीही सामन्याआधी मन लावून झेल पकडण्याचा सराव करणारा तोच असतो. हे पाहूनही मुलाची ओढ टिकली, तर ती खरी समजावी. मुलींच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. अभ्यास मात्र सोडू नये. एक दुखापत सारा हिशेब बदलून टाकते.

जाण्याची वाट सोपी आहे. लोणावळा लोकलची देहूरोड आणि बेगडेवाडी ही स्थानके जवळ आहेत. चाकणहून तळेगावमार्गे येता येते. सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या कुटुंबांनी दुपारचा सामना असेल तो दिवस निवडावा. जून हा पावसाचा महिना असल्याने छत्री घरी विसरू नये. पहिल्या वर्षीचा अंतिम सामनाच पावसाने पूर्ण होऊ दिला नाही, आणि साखळीत अव्वल राहिलेल्या रत्नागिरी जेट्सला विजेतेपद मिळाले. शेवटचा दिवस वाया गेला, तरी आधीच्या दिवसांची कमाई कामी आली. उमेदवारीचा अर्थ याहून वेगळा नाही.