७७७ म्हणजे दुरुस्ती नाही, शटर उघडं टाकून घरी जाणं आहे



या आठवड्याचा व्हिडिओ वेबसाइटच्या परमिशन आणि पाथ एररवर आहे. कुठे क्लिक करायचं ते सगळं त्यात स्क्रीनवर दाखवलंय. इथे मात्र मला माझं मत स्पष्ट लिहायचं आहे, कारण व्हिडिओत ते घाईघाईत सांगितलं जातं आणि निसटून जातं.

साइटवर फोटो चढत नाही, पान उघडत नाही, की लगेच कोणीतरी सल्ला देतो: "काहून झंझट करता भाऊ, सगळ्याला ७७७ देऊन टाका, चालून जाते." आणि खरंच चालून जातं. तीच तर अडचण आहे! माझं मत असं की हा सल्ला देणाऱ्याच्या हातात तुमच्या साइटचा पासवर्ड राहू देऊ नका. आणि हा सल्ला नाकारता यावा एवढं ज्ञान मालकाकडे पाहिजेच. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. मी बीबीए केलेला दुकानदार आहे, मला जमलं तर तुम्हालाही जमेल.

आधी एरर काय म्हणतोय ते वाचा

एरर आला की आपण घाबरतो, स्क्रीनशॉट काढतो आणि कोणाला तरी पाठवतो. त्याआधी अर्धा मिनिट द्या आणि आकडा वाचा.

४०४ म्हणजे पत्ता चुकला. त्या पत्त्यावर काहीच सापडलं नाही.

४०३ म्हणजे सर्वर तुम्हाला आत सोडायला तयार नाही. बहुतेक वेळा पत्ता बरोबर असतो, पण दार बंद असतं. कधी परमिशन चुकलेली असते, कधी फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच नसते, तर कधी सुरक्षेच्या एखाद्या नियमाने अडवलेलं असतं. म्हणून ४०३ दिसला की लगेच परमिशनच्या मागे लागू नका.

५०० म्हणजे आत काहीतरी फसलं, पण ते गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही. खरं कारण एरर लॉगमध्ये लिहिलेलं असतं. सीपॅनल असेल तर मेट्रिक्स विभागात 'एरर्स' नावाचं बटण आहे, तिथे बघा. दोन वाक्यं ओळखायला शिका. 'परमिशन डिनाइड' दिसलं तर प्रश्न परवानगीचा. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' दिसलं तर प्रश्न पत्त्याचा. या दोघांचा इलाज वेगळा आहे. पत्ता चुकला असेल तर ७७७ काय, काहीही दिलं तरी फरक पडणार नाही.

तीन आकड्यांचं गणित

दुकानात तीन प्रकारची माणसं असतात: मालक, कामावरची माणसं आणि बाहेरची माणसं. परमिशनचे तीन आकडे याच क्रमाने असतात. पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा.

आता प्रत्येक आकडा बेरजेने बनतो. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत शिरणं.

म्हणून ६४४ म्हणजे मालक वाचू आणि लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. दुकानातल्या भावफलकासारखं. भाव सगळ्यांनी वाचावा, पण खडू मालकाच्याच हातात. ७५५ म्हणजे मालकाला सगळं करता येतं, बाकीच्यांना आत येऊन पाहता येतं, पण काही बदलता येत नाही. आणि ७७७ म्हणजे कोणीही यावं, वाचावं, खोडावं, नवीन लिहावं.

नियम सोपा आहे. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शनात हेच आकडे आहेत. कोणत्याही फोल्डरला, अगदी फोटो चढवायच्या फोल्डरलाही, ७७७ देऊ नका असं तिथे स्पष्ट लिहिलंय. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल म्हणजे गल्ल्याची चावी. ती याहून घट्ट, म्हणजे ४४० किंवा ४०० ठेवायला सांगितलंय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घाबरून सगळ्यालाच ६४४ लावू नका. फोल्डरला ६४४ दिलं की त्यात शिरायची परवानगी जाते आणि अख्खी साइट ४०३ दाखवायला लागते. एखाद्या फाइलपर्यंत पोचायचं तर वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरता यायला हवं. आधी गावाची वेस, मग गल्ली, मग फाटक, मग घर. वेशीवरच अडवलं तर घराचं दार उघडं असून काय उपयोग?

मग ७७७ ने नेमकं बिघडतं काय?

माझ्या एका बॅचमध्ये मसाले विकणारे एक भाऊ होते. त्यांच्या साइटवर फोटो चढत नव्हते. साइट बनवून देणाऱ्याने फोनवरच पाच मिनिटांत सगळ्या फोल्डरला ७७७ दिलं. फोटो चढले, भाऊ खूश. पुढे दिवाळीच्या तोंडावर गुगलवर त्यांच्या दुकानाचं नाव टाकलं की परदेशी गोळ्या-औषधांची आणि जुगाराची पानं दिसायला लागली. ऐन सीझनमध्ये ऑर्डर थांबल्या. शिरकाव एका जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनमधून झाला होता. परमिशन बरोबर असती तर हल्ला झालाच नसता, असं मी म्हणत नाही. पण ज्या सर्वरवर वेबचा प्रोग्राम वेगळ्या नावाने चालतो, तिथे बरोबर परमिशन असली तर घाण एखाद्या फोल्डरपुरती राहू शकते. ७७७ असलं की ती घरभर पसरते.

शिवाय स्वस्त होस्टिंगवर एकाच मशीनवर पुष्कळ साइट असतात. एका इमारतीत अनेक गाळे असतात तसं समजा. होस्टिंगवाल्याने गाळ्यांमधल्या भिंती नीट घातल्या नसतील, तर तुमच्या ७७७ फोल्डरमध्ये शेजारच्या गाळ्यातूनही लिहिता येतं.

आणखी गंमत म्हणजे काही होस्टिंगवर ७७७ मुळेच साइट बंद पडते. कोणालाही बदलता येईल अशी फाइल चालवायला तिथला सर्वर नकार देतो आणि ५०० दाखवतो. म्हणजे औषधानेच आजार!

बऱ्याचदा खरा प्रश्न आकड्याचा नसतोच, मालकीचा असतो. फाइल एका नावाने चढवलेली असते आणि सर्वर दुसऱ्या नावाने चालत असतो. सात-बारा एकाच्या नावावर आणि पेरणीला दुसराच, असा प्रकार. तिथे आकडा वाढवायचा नसतो, मालकी दुरुस्त करायची असते. साध्या होस्टिंगवर ते काम सपोर्टवाले करून देतात. फक्त मागता आलं पाहिजे.

"आपल्या एवढ्याशा साइटला कोण हॅक करते?" हे मी दर बॅचला ऐकतो. जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट हॅक झाली होती. ती कशी झाली हा वेगळा विषय. पण मोठ्या साइट कोणीतरी ठरवून निवडतो, लहान साइट कोणी निवडत नाही. प्रोग्राम आपोआप हजारो दारं ढकलून बघत फिरतात. जे उघडं सापडलं त्यात शिरतात. तुमचं दुकान लहान आहे की मोठं, हे त्यांना माहीत नसतं आणि त्यांना त्याची पर्वाही नसते.

पत्त्याची गडबड, आणि त्यात आपली मराठी

पाथ म्हणजे पत्ता, आणि तो दोन प्रकारचा असतो. 'बसस्टँडवरून दुसरी गल्ली' हा पत्ता तुम्ही बसस्टँडवर उभे असाल तरच कामाचा. 'मु. पो. अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा' हा कुठूनही चालतो, पण घर बदललं की बाद. साइटचंही तसंच आहे. पान दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं की पहिल्या प्रकारचे पत्ते तुटतात. होस्टिंग बदललं की दुसऱ्या प्रकारचे तुटतात, कारण कॉन्फिगमध्ये जुन्या सर्वरचा पूर्ण पाथ तसाच राहिलेला असतो. होस्टिंग बदलल्यावर साइट बंद पडली तर आधी हे तपासा.

दुसरी गडबड मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांची. विंडोजच्या लॅपटॉपवर मोठा 'ए' आणि लहान 'ए' एकच धरला जातो. लिनक्स सर्वरवर ती दोन वेगळी नावं आहेत. म्हणून "घरी चालते, साइटवर फोटो दिसत नाही" ही तक्रार येते. तिसरी गडबड व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची. त्यांच्या नावात मोकळ्या जागा असतात, आणि मोकळी जागा लिंकमध्ये नीट बसत नाही.

चौथी खास आपली. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा 'ऱ' वापरून, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्वरसाठी ती दोन नावं आहेत. फाइल एका पद्धतीने आणि लिंक दुसऱ्या पद्धतीने टाइप झाली की ४०४. तासभर शोधा, चूक दिसणारच नाही, कारण ती दिसण्यासारखी नाहीच.

पानाच्या लिंकचंही एक गणित आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त लिंकमध्ये नऊ-नऊ जागा खातो. वर्डप्रेस अशा लिंकला २०० जागा देतो, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. आपल्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा तुम्ही ती विकता आणि पानाला नाव दिलं 'वायगावची शुद्ध सेंद्रिय हळद'. मोजून बघा. 'सेंद्रिय'पर्यंत १९१ जागा संपतात आणि लिंकमधून नेमकी हळदच गायब होते!

माझं मत सरळ आहे. मजकूर, वर्णन, मथळा खुशाल मराठीत लिहा, लिहायलाच पाहिजे. तिथेच आपलं गिऱ्हाईक आहे. पण फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. त्याने मराठीचा अभिमान कमी होत नाही. आपण पोत्यावर बारकोड लावतोच ना, तसंच.

"हे आम्ही कशाला शिकायचं?"

हा प्रश्न रास्त आहे. तुमचा सगळा धंदा व्हॉट्सअॅपवर चालत असेल तर वेबसाइट नका काढू, हे सगळं तुमच्यासाठी नाहीच. पण स्वतःची साइट काढली आणि तिथे गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर घ्यायला लागलात, तर मामला बदलतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार ती माहिती सांभाळायची जबाबदारी तुमची. काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असं सांगून मला घाबरवायचं नाही. पण "डेव्हलपरने केलं, मला काय माहीत" हे उत्तर कायद्याला चालत नाही, हे समजून घ्या.

जीएसटीचं रिटर्न आपण सीएकडून भरतो, तरी कोणतं बिल कशाचं ते आपल्याला कळतं. साइटचंही एवढंच कळायला हवं.

आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर हे करा

१. होस्टिंग आणि डोमेन कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर आहे ते पाहा. तुमच्या नसेल तर आधी ते तुमच्याकडे घ्या. बाकी सगळं नंतर.

२. काही बदलण्याआधी बॅकअप घ्या.

३. फाइल मॅनेजरमध्ये परमिशनचा रकाना बघा. ७७७ दिसलं तर फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ करा. एकेक फोल्डर बदला आणि दर वेळी साइट उघडून तपासा.

४. नीट केल्यावर फोटो चढणं बंद झालं तर परत ७७७ कडे जाऊ नका. सपोर्टला असं लिहा: "माझ्या अपलोड फोल्डरला ७५५ आहे, तरी लॉगमध्ये परमिशन डिनाइड येतंय. फोल्डरची मालकी तपासून दुरुस्त करा. ७७७ नको." एवढं लिहिलं की समोरच्यालाही कळतं, मालक जागा आहे.

५. नवीन माणसाला काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "परमिशन डिनाइड आलं तर काय करता?" उत्तरात लॉग आणि मालकी आली तर बसवा. पहिल्याच झटक्यात ७७७ आलं तर चहा पाजून निरोप द्या.

एररमुळे एक दिवस साइट बंद राहिली तर एका दिवसाचं नुकसान होतं. उघड्या दारातून कोणी शिरलं तर वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास जातो. म्हणून घाई करू नका. आकडा वाचा, लॉग बघा, मग हात लावा.

पुढच्या व्हिडिओत बॅकअप कसा घ्यायचा आणि तो खरंच चालतो का हे कसं तपासायचं, ते बघू. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या, आणि शटरला कुलूप लावायला विसरू नका!