संसाराचा हिशेब : आधी मोरी, मग बैठक



माझ्या परिचयातील एका गृहस्थाने मोठ्या कष्टाने दोन खोल्यांचे घर बांधले. फंडातून कर्ज काढले, पत्नीने भिशीचे पैसे घातले. बैठकीच्या खोलीत आरशासारखी चकचकीत फरशी बसवली. नव्या घराच्या कार्यक्रमाला आलेला प्रत्येक जण खाली पाहून वाहवा करत होता. बैठकीतच पैसे संपले, म्हणून उरलेल्या चकचकीत तुकड्यांत मोरीही उरकून घेतली. पंधरा दिवसांत त्यांची वृद्ध आई मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेला लागलेला पैसा साऱ्या घराच्या फरशीहून अधिक होता. त्या माउलीचे चालणे गेले ते वेगळेच, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

चूक त्या एकट्याची नाही. आपण सगळेच फरशी घेताना पाहुण्यांच्या नजरेचा विचार आधी करतो आणि घरातल्यांच्या पायांचा नंतर. पाहुणा तासभर बसून जातो. ओल्या मोरीत दिवसातून दहा वेळा जाते ती घरची बाई, म्हातारी माणसे आणि लहान मुले. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी मोरी-संडास, मग स्वयंपाकघर, शेवटी बैठक.

कोणी म्हणेल, हे गरिबाला कसे परवडेल? तर हिशेबच करू. चार बाय सहाची मोरी म्हणजे २४ चौरस फूट. तिथे चौरस फुटाला २० रुपये जास्त मोजले, तरी वाढतात फक्त ४८० रुपये. दहा बाय बाराची बैठक म्हणजे १२० चौरस फूट. तिथे चौरस फुटाला २० रुपये कमी केले, तर वाचतात २,४०० रुपये. बैठकीत थोडा मोह आवरला की मोरीचा वाढीव खर्च भागून वर पैसे उरतात.

मोरी व संडास : येथे खरबरीत, मॅट फरशी घ्यावी. ती एक बाय एक फुटाची किंवा त्याहून लहान असावी. लहान फरशीला सांधे जास्त, म्हणून पाय धरतो आणि उतारही नीट काढता येतो. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून ओल्या अंगठ्याने दाबून पाहावे. अंगठा सरकला तर ती फरशी परत ठेवावी. भिंतीच्या टाइल्स स्वस्त मिळतात म्हणून त्या जमिनीवर कधीही लावू नयेत. त्या पाणी जास्त पितात आणि पायाखाली टिकत नाहीत.

मोरीची जमीन खोलीपेक्षा इंचभर खाली असावी आणि जाळीकडे दर पाच फुटांना सुमारे एक इंच उतार असावा. फरशी लावण्यापूर्वी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, जाळीचे तोंड बंद करून पाणी भरावे आणि २४ तास तसेच ठेवावे. भिंतीला ओल आली तर दुरुस्ती तेव्हाच स्वस्तात होते. नंतर फरशी उखडावी लागते.

स्वयंपाकघर : येथे तेल सांडते, हळद पडते, लिंबू-चिंचेचे पाणी उडते. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आंबट पदार्थ त्यांना खातो आणि डाग धरतो. म्हणून स्वयंपाकघरात मॅट सिरॅमिक फरशी सोयीची. रंग फार पांढरा नको, फार काळाही नको. पांढऱ्यावर डाग दिसतो, काळ्यावर सांडलेले पीठ आणि मीठ दिसते. सांध्यात पांढऱ्याऐवजी करड्या रंगाचा भराव घालावा, म्हणजे गृहिणीची घासाघीस वाचते. फळ्यांसाठी काळा कडप्पा आजही स्वस्त आणि मस्त.

बैठक व झोपायची खोली : येथे आपल्याला निवड आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येते, म्हणून सोलापूर-मराठवाड्याकडे ती जवळची. उन्हाळ्यात गार राहते, पाय सहसा घसरत नाही. राजस्थानचा कोटा तिच्यापेक्षा घट्ट असतो आणि पॉलिश चांगले धरतो. मात्र या दोन्हींवर संडास धुण्याचे ॲसिड कधीही टाकू नये. फेस येऊन दगड खाल्ला जातो. साबण आणि पाणी पुरे.

व्हिट्रिफाइड फरशी पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, त्यामुळे डाग सहसा धरत नाही आणि घासकामाचा खर्च वाचतो. घ्यायचीच असेल तर ती मॅट घ्यावी. जुन्या चाळीत किंवा फ्लॅटमध्ये मोझॅक फरशी असेल, तर ती उखडण्याची घाई करू नये. एकदा मशीनने घासून पॉलिश करून पाहावे. पुष्कळदा नव्या फरशीचा विचारच मनातून जातो.

पैसेच उरले नसतील तर : रमाई आवास वा प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकूल बांधणाऱ्या अनेकांची हीच अडचण. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. भिंती आणि छत होता होता हप्ते संपतात आणि जमीन मातीची राहते. अशा वेळी सिमेंटचा कोबा करावा, त्यात कमीपणा नाही. चार-चार फुटांचे चौकोन पाडून घोटून घेतला आणि निदान सात दिवस पाणी मारले, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. लाल ऑक्साइड घातले की दिसतोही छान. पुढे ऐपत झाली की त्यावर फरशी बसवता येते. मात्र दरवाजे त्या हिशेबाने वर ठेवावेत.

एक गोष्ट मात्र कुणीही टाळू नये, ती म्हणजे खालचा भराव. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी उचलते, फोडते. भराव मुरुमाचाच हवा. अर्धा-अर्धा फूट थर टाकून, पाणी मारून धुम्मसने ठोकून घ्यावा. भराव बसला नाही, तर महागातली महाग फरशीही खचते.

दुकानात जाताना : दुकानदाराच्या भावावर घराचा हिशेब करू नये. फरशीचा भाव, वाहतूक, सिमेंट-वाळू, मजुरी, स्कर्टिंग आणि दगड असेल तर घासकाम, एवढे सगळे मिळून लावलेल्या फरशीचा चौरस फुटाला काय दर पडतो, तो काढावा. कैकदा स्वस्त दगड घासकामामुळे महाग पडतो.

‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी फरशी प्रत्यक्षात ६० सेंटीमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी असते. दहा बाय बाराच्या खोलीला अशा ३१ लागतात. चार इंची स्कर्टिंगला ४ आणि तुटफुटीला ३ धरल्या, म्हणजे ३८. एका खोक्यात चार येत असतील तर दहा खोकी घ्यावीत. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. नंतर त्याच रंगाची फरशी मिळेल याचा भरवसा नसतो. उरलेल्या दोन-तीन माळ्यावर जपून ठेवाव्यात. खोक्यावर आयएस १५६२२ हा मानक क्रमांक आहे का, तेही पाहावे. बिल पक्के घ्यावे.

काम झाल्यावर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करावे. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. ती फरशी लगेच काढून पुन्हा बसवून घ्यावी.

आणि शेवटची सूचना पुरुष मंडळींसाठी. फरशी निवडायला जाताना घरातील बाईला आणि म्हाताऱ्या आईला बरोबर न्या. रोज ती पुसणार कोण, त्यावर बसून भाकरीचे पीठ मळणार कोण आणि पहाटे अंधारात मोरीपर्यंत चालत जाणार कोण, याचे उत्तर त्यांच्यापाशी आहे. त्यांनी पायाने पसंत केलेली फरशी तुमच्या डोळ्यांना थोडी साधी वाटेल. तरीही तीच घ्या.