दावणीची गाय, माळावरची गाय

चिकोडीकडच्या आमच्या गावी गुराखी मिळेनासा झाला, तेव्हापासून घरात एक वाद दर सुट्टीत निघतो. जनावरं माळावर न्यायची की दावणीलाच चारा टाकायचा? यंदा त्यात माझी बारावीतली पुतणी उतरली. म्हणाली, "काका, खिल्लार जात काटक आहे ना? मग तो काटकपणा जनुकांत असणार. गोठ्यात बांधली म्हणून तो कुठे जाणार आहे?"

प्रश्न बिनतोड वाटतो. जनुकं खरंच कुठे जात नाहीत. पण सगळी जनुकं सगळ्या वेळी कामही करत नाहीत. आजीची पाककृतींची वही आठवा. वही एकच, पण एकादशीला त्यातलं एक पान उघडतं आणि होळीला दुसरं. २००९ मध्ये गायीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यात सुमारे २२,००० जनुकं निघाली. त्यातली कोणती पानं उघडायची, हे बरंचसं जनावराच्या दिनक्रमावर ठरतं.

स्नायूंचंच घ्या. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या स्नायूंतल्या तंतूंची संख्या जवळजवळ ठरलेली असते. पुढे ते तंतू जाड होतात आणि त्यांचा स्वभावही बदलू शकतो. काही तंतू लाल, सावकाश आखडणारे आणि दमाचे; काही फिकट, झटपट आखडणारे आणि लवकर थकणारे. जनावर तासन् तास चालतं तेव्हा स्नायूंच्या पेशीत कॅल्शियमचे इशारे पुन्हा पुन्हा जातात. त्यामुळे दमाच्या तंतूंची जनुकं जागी होतात. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रियाही वाढतात.

जपानी संशोधकांनी चरायला सोडलेल्या आणि गोठ्यात वाढवलेल्या गुरांच्या स्नायूंतली प्रथिनं ताडून पाहिली. चरणाऱ्या गुरांत दमाच्या तंतूंची प्रथिनं जास्त आढळली. पुढे त्यांच्या रक्तातले सूक्ष्म आरएनए तपासले, तर तिथेही फरक दिसला. हे आरएनए जनुकांच्या कामाला आवर घालतात. अर्थात चरणं म्हणजे नुसतं चालणं नव्हे. ओला चारा, ऊन, वारा हे सगळं सोबत येतं, म्हणून सारं श्रेय पायांनाच देता येत नाही.

याच्या उलट उदाहरण बेल्जियन ब्ल्यू या जातीचं. तिचे स्नायू पैलवानासारखे फुगलेले असतात, ते चालून नव्हे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातली ११ अक्षरंच तिच्यात गळालेली आहेत. हे १९९७ मध्ये कळलं. इथे वहीतलं पानच फाटलेलं आहे आणि ते पुढच्या पिढीतही तसंच जातं. पण त्या गायींची बाळंतपणं इतकी अवघड होतात की अनेकदा पोट फाडून वासरू काढावं लागतं.

मग आमच्या घरच्या वादाचं काय? चालण्यात ऊर्जा खर्च होते, तेवढी दुधाला कमी पडते. त्यामुळे दुभत्या गाईला घराजवळ ठेवणाऱ्या वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही. पण वाढतं खोंड आणि कालवड यांना बांधून ठेवू नये, या मताचा मी आहे. ज्याला उद्या नांगर ओढायचा आहे, त्याचा दम आज तयार व्हायला हवा. 'खिल्लार' या शब्दाचा अर्थच गुरांचा कळप. पिढ्यान् पिढ्या माळ तुडवत ही जात घडली. तिच्या वहीत दमाचं पान आहेच, पण ते उघडायला माळ लागतो.

आणि माळच आता आक्रसत चालला आहे. तुमच्यापैकी बरेच जण दिवाळीत गावी जाल. घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, आपल्या गावचं गायरान कुठून कुठपर्यंत होतं आणि आज त्यातलं किती उरलं आहे. जमलं तर त्यांच्यासोबत तेवढं चालूनही या.